कमेंट बंद केल्या तरी येतातच: वर्डप्रेसमध्ये नेमकं कुठं पाहायचं

शेतकरी कंपनी असो, दूध संस्था असो, शाळा असो की गावातलं एखादं संस्थान, साइट सांभाळणाऱ्याची तक्रार तीच असते. वरुडकडून फोन येतो, आर्वीकडून येतो: "दादा, कमेंट बंद केल्या, सेव्ह बी केलं, तरी मेल येऊनच राह्यले." दोन-चार दिवस शांततेत जातात आणि मग पुन्हा सुरू. जुगार, ताकदीच्या गोळ्या, पाच मिनिटांत कर्ज. कोणी थीम, म्हणजे साइटचा देखावा, बदलतो, कोणी पासवर्ड बदलतो, कोणी साइट हॅक झाली म्हणून होस्टिंगवाल्याशी भांडतो.

बहुतेक वेळा साइट हॅक झालेली नसते. सेटिंगही नीट सेव्ह झालेली असते. फक्त ती सेटिंग आपण समजतो ते काम करत नाही.

वर्डप्रेस म्हणजे ज्यावर आपली साइट चालते ते सॉफ्टवेअर. त्याच्या सेटिंग्जमध्ये डिस्कशन नावाचं पान आहे. त्यावर वरच्या बाजूलाच पोस्टवर कमेंट घेण्याची परवानगी देणारा एक चौकोन असतो. त्यातली खूण काढली की सगळीकडच्या कमेंट बंद झाल्या, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. पण तो चौकोन फक्त यापुढे तयार होणाऱ्या पोस्टपुरता आहे. कमेंट चालू की बंद, ही नोंद वर्डप्रेस प्रत्येक पोस्टसोबत वेगळी ठेवतं. तुमच्या साइटवर चार वर्षांच्या बातम्या, बाजारभाव, सभेच्या सूचना पडल्या असतील, तर त्या सगळ्यांवर कमेंट आजही उघड्या आहेत. त्यांना हात लावल्याशिवाय त्या बंद होत नाहीत.

आणि जाहिराती टाकणाऱ्यांना जुन्याच पोस्ट आवडतात. त्या गूगलमध्ये मुरलेल्या असतात आणि आपण त्या उघडून पाहत नाही.

आधी रकाना पाहा

काहीही बदलण्याआधी डाव्या पट्टीतलं कमेंट्स उघडा. प्रत्येक कमेंटसमोर ती कशाखाली आली, हे सांगणारा रकाना असतो. सगळं निदान त्या रकान्यात आहे, पण लोक तो सोडून कमेंटचा मजकूरच वाचत बसतात. मजकुरातून काही कळत नाही. कुठं आली ते पाहा.

रकान्यात जुन्या बातम्यांची नावं दिसत असतील तर उपाय सोपा आहे. ‘आमच्याविषयी’, ‘संपर्क’ अशी पानं दिसत असतील तर साइट बहुधा जुनी आहे. वर्डप्रेस ४.३ ही आवृत्ती २०१५ साली आली, तेव्हापासून नव्या पानांवर कमेंट मुळातच बंद असतात. त्याआधी बनवलेली पानं मात्र उघडीच राहिलेली असतात. रकान्यात एखाद्या फोटोच्या फाइलचं नाव दिसलं, म्हणजे व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फोटोला असतं तसं आयएमजी आणि तारीख असलेलं नाव, तर प्रकरण वेगळं आहे. त्याकडे पुढे येतो. आणि कमेंटच्या जागी दुसऱ्या साइटच्या मजकुराचा तुकडा आणि तिची लिंक एवढंच असेल, तर ती कमेंट नसून पिंग आहे, म्हणजे दुसऱ्या साइटने तुमची लिंक दिल्याची सूचना. त्याच पानावर वर कमेंट आणि पिंग वेगवेगळे दाखवायची सोय आहे. ती एकदा वापरून पाहा.

जुन्या पोस्ट एकदम बंद करणं

हे काम शक्यतो कॉम्प्युटरवर करा. मोबाइलच्या लहान पडद्यावर चुकीच्या ठिकाणी बोट पडायला वेळ लागत नाही.

सगळ्या पोस्टची यादी उघडा. उजव्या कोपऱ्यात वर स्क्रीन ऑप्शन्स आहे. तिथं एका पानावर किती पोस्ट दाखवायच्या ते ठरवता येतं, नाहीतर वीस-वीसच्याच घासाने जावं लागतं. शंभर ठेवा. हजार ठेवायचा मोह होतो, पण स्वस्त होस्टिंगवर एवढं ओझं एका वेळी टाकलं की पान अर्ध्यात एरर देतं आणि किती पोस्ट बदलल्या ते कळत नाही. यादीच्या डोक्यावरच्या चौकोनात खूण केली की पानावरच्या सगळ्या पोस्ट निवडल्या जातात. मग बल्क ॲक्शन्सच्या यादीतून ‘एडिट’ घ्या आणि ‘अप्लाय’ दाबा. इथं जपा, कारण त्याच यादीत ‘एडिट’च्या खाली ट्रॅशचा, म्हणजे कचऱ्यात टाकायचा, पर्याय आहे. चुकून तो दाबला गेलाच तर घाबरू नका. पोस्ट ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतात, तिथून परत आणता येतात.

मग एक चौकट उघडते. तिच्यात कमेंट्ससमोर ‘परवानगी नाही’ या अर्थाचा पर्याय निवडा, पिंग्ससमोर तोच निवडा. बाकीचं काहीही हलवू नका, ‘नो चेंज’ आहे तसं राहू द्या. अपडेट दाबा. मग पुढचं पान. पोस्ट झाल्या की ‘पेजेस’च्या यादीवर हेच सगळं पुन्हा करा. ती यादी वेगळी असते आणि नेमकी तीच विसरली जाते. थीमने ‘कार्यक्रम’, ‘उत्पादने’ अशा आणखी याद्या बनवलेल्या असतील तर त्याही पाहा.

डिस्कशनच्या पानावर आणखी एक सोय आहे: ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या पोस्टवर आपोआप कमेंट बंद करायची. सुरुवातीला तिथं १४ दिवस लिहिलेले असतात. बाजारभाव टाकणाऱ्या साइटला ही सोय फार उपयोगी आहे. आजच्या संत्र्याच्या भावाखाली महिन्याभरानंतर कोणी खरा माणूस काही विचारत नाही. पण तिच्या दोन मर्यादा माहीत असू द्या. एक म्हणजे ती फक्त पोस्टला लागू होते. पानांना आणि फोटोंना ती हात लावत नाही. दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची: ही सोय पोस्टची मूळ नोंद बदलत नाही, कमेंट घेताना फक्त दिवस मोजते. उद्या कोणी ती खूण काढली की जुन्या सगळ्या पोस्ट एका क्षणात पुन्हा उघड्या. ‘मागच्या वर्षी बंद केलं होतं, यंदा आपोआप सुरू झालं’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. संस्थेत नवा मुलगा येतो, सेटिंग चाळतो, त्याला ही ओळ निरर्थक वाटते. म्हणून बल्क एडिटने नोंद बदलून घ्या आणि ही सोय त्यावर जादा म्हणून ठेवा.

रोजच्या भावाची कॉपी

सगळं बंद केल्यावरही नव्या पोस्टवर कमेंट येत असतील, तर ती पोस्ट कशी बनते ते विचारा. आपल्याकडे बाजारभावाची पोस्ट रोज नव्याने कोणी लिहीत नाही. कालची पोस्ट डुप्लिकेट करायची, तारीख बदलायची, आवक बदलायची, किमान-कमाल भाव बदलायचा आणि प्रसिद्ध करायची. कॉपी करणारं प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेलं जादा सॉफ्टवेअर) मजकुरासोबत मूळ पोस्टची कमेंटची नोंदही उचलतं. वर्षभरापूर्वी उघड्या कमेंटवाल्या पोस्टपासून साखळी सुरू झाली असेल, तर आजची पोस्टही उघडीच निघते. डिस्कशनचा चौकोन तिला विचारतच नाही, कारण तो कोऱ्या नव्या पोस्टसाठी आहे.

उपाय एवढाच, की ज्या पोस्टवरून कॉपी मारता ती उघडा, उजव्या पट्टीतल्या डिस्कशनमध्ये कमेंट बंद करा आणि यापुढे तिच्यावरूनच कॉपी घ्या. ड्राफ्टमध्ये पडलेल्या अर्धवट पोस्टचंही तसंच आहे. त्या ज्या दिवशी तयार झाल्या त्या दिवसाची नोंद त्यांच्यासोबत आहे. बल्क एडिट करताना ड्राफ्टही निवडायला हवेत.

फोटोखालच्या कमेंट

हे फार कमी लोकांना माहीत असतं आणि म्हणूनच इथं सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. वर्डप्रेसवर तुम्ही जो फोटो चढवता, त्या प्रत्येकाचं स्वतःचं एक छोटं पान तयार होत आलं आहे. त्याला अटॅचमेंट पान म्हणतात. त्या पानावरही कमेंट घेता येतात. मेळाव्याचे दोनशे फोटो चढवले तर जाहिरातवाल्यांसाठी दोनशे पानं उघडी झाली. तुमच्या मेनूत त्यांची लिंक कुठंच नसते, म्हणून तुम्हाला ती कधी दिसत नाहीत.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या वर्डप्रेस ६.४ पासून नव्याने उभारलेल्या साइटवर ही पानं बंद असतात. पण आधीपासून चालू असलेली साइट नुसती अपडेट केली तर ती चालूच राहतात. आपल्याकडच्या बहुतेक संस्थांच्या साइट त्याआधीच्या आहेत. मीडियाच्या यादीत पोस्टसारखं एकदम कमेंट बंद करायची सोय नाही. एकेक फोटो उघडून करता येतं, पण दोनशे फोटोंवर ते कोण करणार? इथं प्लगइन वापरणंच शहाणपणाचं आहे. ‘डिसेबल कमेंट्स’ नावाचं मोफत प्लगइन आहे. त्यात पोस्ट, पान, मीडिया असे प्रकार निवडून कमेंट बंद करता येतात. एसइओचं, म्हणजे साइट गूगलमध्ये वर यावी यासाठीचं, प्लगइन आधीपासून असेल तर त्यात बहुधा अटॅचमेंट पानं थेट फोटोकडे वळवायची सोय सापडेल. तीही चालू करा.

फॉर्म लपवून काही होत नाही

थीममधून कमेंटचा फॉर्म काढून टाकला, सीएसएसने (पानाचा देखावा ठरवणाऱ्या कोडने) लपवला, साइट एडिटरमध्ये जाऊन टेम्प्लेटमधला कमेंटचा ब्लॉक उडवला, आणि तरी कमेंट येतात, अशीही तक्रार असते. कारण जाहिराती टाकणारे प्रोग्राम तुमचं पान उघडून फॉर्म भरत नाहीत. वर्डप्रेसमध्ये कमेंट स्वीकारणारी एक ठरलेली फाइल असते, डब्ल्यूपी-कॉमेंट्स-पोस्ट नावाची, आणि ती प्रत्येक साइटवर त्याच नावाने त्याच जागी असते. प्रोग्राम पोस्टचा क्रमांक घेऊन थेट तिच्याकडे मजकूर पाठवतो. जिनिंगच्या पुढच्या गेटला कुलूप लावलं आणि मागचं फाटक सताड उघडं ठेवलं, तसा हा प्रकार आहे. पोस्टची नोंद बंद असेल तर मात्र तीच फाइल कमेंट नाकारते. म्हणून नोंद बंद करणं हाच खरा उपाय, फॉर्म काढणं ही फक्त साफसफाई.

उलट बाजूही सांगतो. नोंद बंद केली तरी आधी मंजूर झालेल्या कमेंट दिसत राहतात. त्या नको असतील तर वेगळ्या काढाव्या लागतात. आणि बंद करूनही फॉर्म दिसत असेल तर बहुतेक वेळा कॅशेमधलं, म्हणजे आधी साठवून ठेवलेलं, जुनं पान दिसत असतं. कॅशेचं प्लगइन रिकामं करा, होस्टिंगकडे वेगळा कॅशे असेल तर तोही.

एवढ्या खटाटोपाने जाहिरातवाल्यांना मिळतं काय, असं लोक विचारतात. तुमच्या साइटवरून त्यांच्या साइटला लिंक मिळावी, गूगलमध्ये ते वर यावेत, हा हेतू असतो. २००५ मध्ये गूगलने नोफॉलो नावाची, ‘ही लिंक मोजू नका’ असं सांगणारी खूण आणली आणि वर्डप्रेसने कमेंटमधल्या लिंकना ती लावायला सुरुवात केली, म्हणजे त्या लिंकचा फायदा तेव्हापासून जवळपास संपला. तरी प्रोग्राम चालूच आहेत, कारण ते चालवायला खर्च येत नाही.

पिंग, रिव्ह्यू आणि संपर्काचा फॉर्म

पिंगबॅक आणि ट्रॅकबॅक म्हणजे दुसऱ्या साइटने तुमच्या पोस्टची लिंक दिली तर त्याची सूचना. आज गावपातळीवरच्या साइटला त्यांचा उपयोग शून्य. डिस्कशनमध्ये त्यांच्या दोन्ही खुणा काढा. जुन्या पोस्टचं बल्क एडिटमध्ये झालंच आहे.

साइटवर वूकॉमर्स, म्हणजे दुकान चालवायचं प्लगइन, असेल, तूरडाळ, हळद, संत्र्याचा रस विकायला ठेवला असेल, तर थांबा. वस्तूंखालचे रिव्ह्यू हे वर्डप्रेसच्या दृष्टीने कमेंटच असतात. सगळीकडच्या कमेंट एकदम बंद केल्या तर रिव्ह्यूही जातात. याहून गंभीर गोष्ट म्हणजे ऑर्डरवर लिहिलेल्या नोंदी, ‘माल पाठवला’, ‘पैसे मिळाले’, या डेटाबेसमध्ये कमेंटच्याच तक्त्यात साठवल्या जातात. कोणी सांगितलं म्हणून कमेंटचा तक्ता पूर्ण रिकामा केला, तर त्या नोंदीही पुसल्या जातील. प्लगइनमधून असो की होस्टिंगच्या पॅनेलमधून, सगळ्या कमेंट डिलीट करायचं बटण दाबण्याआधी डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि तो आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा.

आणि कधी कधी त्या कमेंट नसतातच. संपर्काच्या पानावरच्या फॉर्ममधून आलेला मेल आणि कमेंटची सूचना देणारा मेल इनबॉक्समध्ये सारखाच दिसतो. कमेंट्सच्या यादीत काहीच नाही आणि मेल मात्र येतात, तर तो संपर्काचा फॉर्म आहे. डिस्कशनचा त्याच्याशी संबंध नाही. त्या फॉर्मच्या प्लगइनमध्ये जाऊन कॅप्चा, म्हणजे भरणारा माणूसच आहे ना ते तपासणारी सोय, लावा. अशा मेलमधल्या लिंकवर कोणीही बोट ठेवायचं नाही, हे ऑफिसातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

सगळं झालं की तपासा. ज्या फोनवर तुम्ही कधी लॉगिन केलं नाही अशा फोनवर एक जुनी बातमी, एक पान, एका फोटोचं पान आणि आजची पोस्ट उघडा. लॉगिन केलेल्या ब्राउझरमध्ये पाहून उपयोग नाही, कारण तिथं कॅशे टाळून पान दिसतं.

सगळंच बंद करायचं का?

इथवर यंत्राचा भाग झाला. आता ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं ते.

जुगाराच्या जाहिराती दिसायला वाईट दिसतात, पण त्यांनी कोणाचं फारसं बिघडत नाही. खरा धोका खऱ्या माणसांनी लिहिलेल्या कमेंटमध्ये असतो. शेतकरी कंपनीच्या कोणत्याही साइटवर आंबिया बहाराच्या तोडणीच्या दिवसांतल्या पोस्ट उघडून पाहा. खाली रांग लागलेली असते: ‘माझ्याकडे पाचशे झाडं आहेत, व्यापारी पाठवा’, गावाचं नाव, पूर्ण नाव, मोबाइल नंबर. पीक विम्याच्या बातमीखाली त्याहून वाईट परिस्थिती. ‘अर्ज भरला, पैसे आले नाही’, आणि सोबत अर्जाचा क्रमांक, बँकेचं नाव, कधी खाते क्रमांक, एखाद्याने तर आधार क्रमांकही. कास्तकाराला वाटतं हा संस्थेला पाठवलेला अर्ज आहे, कोणीतरी ऑफिसात बसून वाचेल. ते साऱ्या जगाला दिसतं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

फसवणाऱ्याला याहून चांगली यादी कुठं मिळेल? नाव आहे, गाव आहे, नंबर आहे आणि कोणते पैसे अडकलेत तेही आहे. तो फोन करतो तेव्हा नाव घेऊन बोलतो, विम्याचा विषय स्वतःहून काढतो, आणि ओटीपी मागतो किंवा व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) पाठवून उघडायला सांगतो. समोरच्याला शंका यावी कशी?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ज्या साइटवर रोज कमेंट वाचायला नेमलेला माणूस नाही, तिथं कमेंट पूर्ण बंद ठेवाव्यात. जिथं माणूस आहे, तिथं प्रत्येक कमेंट हाताने मंजूर झाल्याशिवाय दिसू नये. डिस्कशनमध्ये तशी खूण आहे, ती करा. सुरुवातीची सेटिंग वेगळी असते. ज्याची आधी एक कमेंट मंजूर झाली आहे, त्याची पुढची थेट प्रसिद्ध होते. जाहिरातवाले हे जाणतात. आधी ‘खूप छान माहिती’ असं गोड लिहितात, आपण खुशीने मंजूर करतो, आणि त्याच नावा-मेलवरून पुढची लिंकसकट सरळ आत येते. ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या निवडणुकीच्या दिवसांत तर ही थेट वाट बंदच हवी.

शब्दांच्या याद्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मराठी साइटवर त्या हमखास घोळ करतात. डिस्कशनच्या पानावर दोन मोठे रकाने आहेत. पहिल्या रकान्यातला शब्द आला तर कमेंट मंजुरीसाठी थांबते. दुसऱ्यातला आला तर ती थेट ट्रॅशमध्ये जाते आणि त्याचा मेलही येत नाही. एका ओळीवर एक शब्द लिहायचा. पण वर्डप्रेस अख्खा शब्द पाहत नाही. ती अक्षरं कशाच्याही पोटात सापडली तरी पकडतं, आणि फक्त मजकुरात नाही, लिहिणाऱ्याच्या नावात आणि मेलमध्येही पाहतं. दुसऱ्या रकान्यात ‘लोन’ टाकलं की बेलोना गावातल्या माणसाने गावाचं नाव लिहिलेली प्रत्येक कमेंट गुपचूप ट्रॅशमध्ये जाईल. सलोनी नावाच्या मुलीचीही. ‘कर्ज’ टाकलं तर पीककर्जाबद्दल विचारणारे सगळे गेले. नंबर अडवायचे म्हणून ‘मो’ टाकलं तर अख्खं मोर्शी गायब. आणि ३० दिवसांनी ट्रॅश आपोआप रिकामा होतो, म्हणजे नंतर शोधायलाही काही उरत नाही.

म्हणून दुसऱ्या रकान्यात फक्त परदेशी औषधांची नावं, जुगाराच्या साइटचे पत्ते, असलंच टाका. मराठी शब्द पहिल्याच रकान्यात ठेवा. तिथं चूक झाली तरी कमेंट थांबलेली असते, जात नाही. मोबाइल नंबर ओळखायची काही सोय या यादीत नाही. दहा आकडे दिसले की थांबव, असं तिला सांगता येत नाही. ते काम माणसाच्या डोळ्यांचंच. लिंकच्या संख्येची अटही आहे, सुरुवातीला दोन लिंक असतील तर थांबते. ती एकवर आणा.

जाहिराती गाळायला अकिस्मेट हे प्लगइन वर्डप्रेससोबतच येतं. वैयक्तिक, व्यवसाय नसलेल्या साइटला ते मोफत वापरता येतं, पण शेतकरी कंपनी किंवा दुकानाच्या साइटला पैसे भरायला हवेत. मोफतच हवं असेल तर अँटीस्पॅम बी चांगलं आहे. ही प्लगइन यंत्राने टाकलेल्या जाहिराती पकडतात. कास्तकाराचा नंबर त्यांच्या लेखी निर्दोष मजकूर आहे, हे विसरू नका.

आधीच पडलेले नंबर

कमेंट बंद केल्याने जुने नंबर जात नाहीत. कमेंट्सच्या शोधपेटीत ‘मोबा’, ‘नंबर’, ‘खाते’, ‘आधार’ असे शब्द टाकून शोधा. आकडे मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही प्रकारे लिहिलेले असतात, तसे दोन्ही शोधून पाहा. ९८ आणि ७० ने सुरू होणारे, जसे सुचतील तसे. अनेक जण नंबर मजकुरात न लिहिता नावाच्या रकान्यात लिहितात, तिकडेही नजर टाका. कमेंट उपयोगी असेल तर एडिट करून फक्त नंबर काढा. आधार किंवा खाते क्रमांक असेल तर पूर्ण कमेंट काढा, विचार करू नका.

वर्डप्रेसमध्ये २०१८ पासून टूल्समध्ये एखाद्याची वैयक्तिक माहिती पुसायची सोय आहे. मेल पत्ता टाकला की त्याच्या कमेंटवरचं नाव, मेल आणि आयपी पत्ता निघून जातो. पण कमेंटच्या मजकुराला ती हात लावत नाही. त्यात लिहिलेला नंबर तसाच राहतो, तो हातानेच काढायचा. त्यानंतरही गूगलच्या शोधात जुना मजकूर दिसत असेल, तर कालबाह्य मजकूर काढण्यासाठी गूगलचंच एक विनंतीचं पान आहे, तिथं तो पत्ता द्या.

नंबर सापडले त्या माणसांना एकेक फोन करा. ‘तुमचा नंबर साइटवर होता, काढला आहे, कोणी आमचं किंवा विम्याचं नाव सांगून ओटीपी मागितला तर देऊ नका’ एवढंच सांगायचं. कोणाचे पैसे गेलेच असतील तर त्याच वेळी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावायला सांगा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

कमेंट बंद केल्या त्या जागी काहीतरी द्या मात्र. तिथं विचारणाऱ्याला खरंच काही विचारायचं होतं. प्रत्येक पोस्टच्या शेवटी ऑफिसचा नंबर आणि फोन उचलायची वेळ लिहा. पिकाबद्दलचे प्रश्न असतील तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत नंबर द्या. रोजचा भाव कळवायला व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा असेल तर जरा थांबून चॅनलचा विचार करा. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो, फक्त ॲडमिननेच लिहायचं असं ठेवलं तरी दिसतो. चॅनलमध्ये एका कास्तकाराचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. आणि तोडणीच्या दिवसांत ऑफिसचा एक नंबर पुरत नाही, दोन द्या. एक भावासाठी, एक चुकाऱ्यासाठी.